ट्रॉलीचे दिवे, पिळलेली वायर आणि पघळलेला टेप

कपाशीवाला (मारेगाव)

नमस्कार मंडळी. विषय बारा व्होल्टचा हाये, पण झोप उडाली म्हणून लिहून राह्यलो.

परवा रात्री कापूस भरून वणीले निघालो. ट्रॅक्टर जुना, ट्रॉली त्याहून जुनी. निघतानी सगळे दिवे लागले होते. अर्ध्या रस्त्यात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं थांबवलं. म्हणे, "भाऊ, ट्रॉलीले मागून एक दिवा दिसत नाई, आत्ता घुसलो असतो." उतरून पाह्यलं तं दिवे होते, पण विझत्या बिडीवानी. ब्रेक दाबला की टेल लाइट अजूनच मंद. इंडिकेटर लावला तं टेल लाइटबी त्याच तालावर डोळे मिचकावते.

मागचं दिसावं म्हणून मडगार्डवरचे दोन हॅलोजन चालू केले. रातच्या वखरणीसाठी मागच्या साली म्याच लावले होते, ५५ वॉटचे. दहा मिनिटांत वास आला. सीटखाली हात घातला तं वायरच्या गाठीनं बोट भाजलं. टेप पघळून काळा चीक झालेला, अन् त्या चिकाले कापसाचे तंतू चिकटलेले. मागं वीस क्विंटल कापूस. तिथंच दोन्ही हॅलोजन बंद केले अन् टॉर्च मागं बांधून वणी गाठली.

जोड कसा केला होता तेही सांगतो, लपवत नाई. दोन वायरी सोलल्या, पिळल्या, टेप मारला. हॅलोजनची वायर टेल लाइटच्या वायरले जोडली, कारण तीच जवळ होती. फ्यूज एकदा उडला तवा सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवला. आता एक जण म्हणते अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज करते तो) बदला. बदलू का?


तेराचा पाना

अल्टरनेटर कायले बदलता बाप्पा? तो बिचारा करंट देऊनच राह्यला, तुमच्या गाठीत मुरून राह्यला तो. अन् फ्यूजात चांदी? लेका, वीस क्विंटल कापसाखाली आगकाडी ठेवून फिरून राह्यला तू.


वणीकर_पुण्यात

कपाशीवाला भाऊ, आकडे मांडून दाखवतो म्हणजे अल्टरनेटरचा खर्च वाचेल.

५५ चे दोन म्हणजे ११० वॉट. भागिले १२, म्हणजे नऊ अँपिअरच्या थोडं वर. टेल लाइटचे दोन बल्ब ५ वॉटचे, म्हणजे दोन्ही मिळून एक अँपिअरसुद्धा नाही. ती वायर या एका अँपिअरच्या हिशेबानं टाकलेली असते. तिच्यावर तुम्ही दहापट ओझं टाकलंत.

आता गाठ. नीट केलेल्या जोडाचा रोध जवळजवळ शून्य असतो. पिळलेला, काळा पडलेला जोड एक-दशांश ओहमपर्यंत सहज जातो. नऊ अँपिअरचा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे आठ वॉट उष्णता. ऐकायला किरकोळ वाटते, पण छोटा सोल्डरिंगचा कय्या २५ वॉटचा असतो. त्याच्या एक तृतीयांश उष्णता सुपारीएवढ्या गाठीत, टेपच्या गोधडीत, तासभर. बोट भाजणारच.

शिवाय वायर बारीक. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरला साधारण १७ मिलिओहम. बॅटरीपासून दिव्यापर्यंत ५ मीटर जाणं, ५ मीटर येणं धरलं तर नऊ अँपिअरला दीड व्होल्ट वायरीतच संपतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ असतील तर दिव्याला १२.३ मिळतात. फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार झपाट्यानं पडतो. एवढ्या घसरणीत सुमारे एक तृतीयांश उजेड गेला समजा. तीच वायर २.५ ची टाकली तर घसरण ०.६ वर येते.


कपाशीवाला (मारेगाव)

हे समजलं. पण हॅलोजन बंद असतानीबी ट्रॉलीचे दिवे मंद होते ना? अन् ब्रेक दाबल्यावर टेल कायले विझते?


डायनामोवाल्याची लेक (दिग्रस)

कारण तुमच्या गाडीत दोन दुखणी आहेत आणि तुम्ही एकच समजताय. गरम गाठ हे एक. ब्रेकनं टेल विझणं, इंडिकेटरबरोबर टेल मिचकावणं हे दुसरं, आणि ते शंभरातल्या नव्वद वेळा अर्थिंगचं, म्हणजे करंट परत जायच्या वाटेचं, असतं.

माझे बाबा बस स्टँडमागे ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवायचे, आता मी चालवते. कापसाच्या आणि सोयाबीनच्या हंगामात असल्या ट्रॉल्या रांगेनं येतात. गिऱ्हाईक म्हणतो "करंट येत नाही." करंट येतो हो, परत जायला वाट नसते. ट्रॉलीच्या दिव्यांची निगेटिव्ह ट्रॉलीच्या चेसिसला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, असते, चेसिसपासून ट्रॅक्टरपर्यंत वायर नसते. मग करंट परत कशातून जातो? हुकातून आणि ट्रॉली अडकवायच्या खिळ्यातून. खिळ्याला गंज, वर ग्रीस, त्यावर आपली काळी माती. रिकामी ट्रॉली खड्ड्यात उडाली की दिवे लागतात-विझतात, भरली की खिळा दाबून बसतो आणि थोडे बरे लागतात.

ब्रेकचे बल्ब २१ वॉटचे, दोन मिळून साडेतीन अँपिअर. ते एकदम त्या गंजक्या वाटेनं निघाले की वाट तुंबते, ट्रॉलीची चेसिस शून्य व्होल्टवर राहत नाही, वर चढते. टेल लाइटच्या एका बाजूला १२ आणि दुसऱ्या बाजूला शून्याऐवजी दोन-तीन. तो मंद होणार नाही तर काय? इंडिकेटरचंही तेच, फक्त तालावर.

तपासायला दहा मिनिटं लागतात. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर. लाल सुई ट्रॉलीच्या चेसिसवर, रंग खरवडून. लांबी पुरत नसेल तर सुईला वायर जोडून घ्या. दिवे लावा, कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ०.१ किंवा ०.२ दिसलं तर अर्थिंग चांगलं आहे आणि माझं चुकलं. एकाच्या वर दिसलं तर इथे येऊन सांगा.


तेराचा पाना

लेकीनं बरोबर सांगतलं. म्या तं मीटर नाई वापरत. एक वायर घेतो, एक टोक बॅटरीच्या मायनसले, दुसरं ट्रॉलीले टेकवतो. दिवे भक्कन वाढले की समजलं.


संत्रावाला (वरूड)

मधेच घुसतो. माझा फवारणीचा बारा व्होल्टचा पंप गाडीच्या बॅटरीवर चालवतो. पिळलेला जोड सुटत होता म्हणून गावातल्या कल्हईवाल्याकडून डाग मारून, म्हणजे सोल्डर करून, घेतला. त्यानं नवसागर लावून झकास चकचकीत करून दिला. दोन महिन्यांत वायर हिरवी होऊन हातात आली. डाग जसाच्या तसा, वायर गायब. असं का व्हावं?


वणीकर_पुण्यात

नवसागरामुळेच. तांब्या-पितळेच्या भांड्यावर कल्हई करताना तो मैल काढतो, नंतर भांडं धुतलं जातं. वायरीत तो तंतूंच्या आत शिरतो, धुता येत नाही, आणि ओल लागली की तांबं खात राहतो. वायरीच्या सोल्डरिंगला राळ वापरायची. बाजारात पोटात राळ भरलेली सोल्डरची तार मिळते, वेगळं काही लावायला नको.

खरं म्हणजे गाडीत सोल्डर नकोच असं माझं मत. कंपनीच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यात, लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवलेले असतात. सोल्डर तंतूंमधून वर चढतं, तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो, आणि जिथे ताठपणा संपतो तिथे ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं वायर तुटते.


तेराचा पाना

तीस साल झाले डाग मारून राह्यलो. पुण्यात बसून सांगू नका.


वणीकर_पुण्यात

काका, तुमच्या हाताबद्दल बोललो नाही, ताठ भागाबद्दल बोललो.


डायनामोवाल्याची लेक (दिग्रस)

तुम्ही दोघंही बरोबर आहात, भांडू नका. बाबा डागच मारायचे, कारण चांगली दाबायची पक्कड तेव्हा दिग्रसला कुठे मिळत होती? पण ते जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर हार्नेसला बांधून टाकायचे, म्हणजे जोड हलायचाच नाही. काकाही तसंच करत असणार, म्हणून त्यांचे जोड टिकतात. नवशिका डाग मारून वायर लोंबत सोडतो आणि ती काठावर तुटते.

मी आता लग दाबते. पण साध्या पकडीनं लग चपटा केला म्हणजे तो दाबला असं नाही. चपटा लग आणि वायर यांत फट राहते, फटीत हवा आणि ओल जाते, तांबं काळं पडतं. रॅचेटची पक्कड पूर्ण दाबल्याशिवाय सुटतच नाही, तिचा खाचा वायरीच्या मापाचा असतो. बाहेरून रंगीत प्लॅस्टिक असलेले लग येतात ना, त्यात लाल बारीक वायरीला, म्हणजे साधारण दीड चौरस मिलिमीटरपर्यंत, निळा दीड ते अडीच, पिवळा चार ते सहा. निळ्या लगात बारीक वायर दुमडून भरायची नाही. दाबून झालं की वायर ओढायची. गाईचं दावं खुंट्याला पक्कं आहे का बघतो तशी. सुटली तर दुकानात सुटली, बरं झालं.

वायर सोलतानाही बघा. दातानं किंवा ब्लेडनं सोलली की तीन-चार तंतू कापले जातातच. मागच्या आठवड्यात एका ट्रॉलीची गाठ कापली. टेपचा चीक बोटांना डांबरासारखा, आत वायर हिरवी भुकटी. झटकली तर सोळा तंतूंपैकी दोन उरलेले. त्या दोन तंतूंवर बापड्याचे सगळे दिवे चालले होते.


कपाशीवाला (मारेगाव)

टेप चांगला घेतला तं?


डायनामोवाल्याची लेक (दिग्रस)

घरातल्या टेपचा गोंद आपल्याकडच्या उन्हात टिकत नाही. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा, त्यात बॉनेटखाली इंजिनची धग. गोंद पातळ होतो, टेप घसरतो, टोक उघडं पडतं. मग मृगाचं पाणी आत जातं, आणि तोच टेप पाणी आत धरून ठेवतो.

त्याऐवजी आतून गोंद असलेली आकसणारी स्लीव्ह, म्हणजे प्लॅस्टिकची नळी, घ्या. साधी नको, आतून गोंदाचीच. गरम केली की आकसते आणि दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड बाहेर येते. ती कड दिसली तर पाणी बाहेर. हीट गन नसेल तर लायटर चालेल, पण ज्योत लांबून, फिरवत. काजळी धरली तर जास्त झालं. आणि स्लीव्ह जोड करायच्या आधी वायरीत ओवायची असते. हे मी अजूनही महिन्यातून एकदा विसरते.


संत्रावाला (वरूड)

सिलिकॉन भरलं तर?


वणीकर_पुण्यात

व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन नको. सुकताना त्यातून आम्ल सुटतं, तांबं खातं. तुमच्या नवसागराचाच चुलतभाऊ.


कपाशीवाला (मारेगाव)

आज मीटर लावला. पोराले ब्रेकवर बसवलं. २.६ दाखवते! हुक घासला, खिळा रॉकेलनं पुसला, तं १.४ वर आला. ताई, तुमच्या घरी पेढे पाठवायचे का आता?


डायनामोवाल्याची लेक (दिग्रस)

पेढे नंतर. खिळा पुसून काही होत नाही, चार दिवसांत परत माती. ट्रॉलीसाठी वेगळी अर्थिंगची वायर टाका, २.५ ची, ट्रॅक्टरच्या सॉकेटमधून. सात पिनचं सॉकेट असेल तर ३ नंबरची पिन अर्थिंगचीच असते, प्रमाणित जोडणीत तिची वायर पांढरी. बहुतेक ट्रॉल्यांत तीच तुटलेली किंवा मुळात जोडलेलीच नसते, कारण "हुकातून चालतं ना". बाकीच्या पिना: १ पिवळी डावा इंडिकेटर, ४ हिरवी उजवा, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल. पण गावोगावी मिस्त्र्यांनी आपापले रंग लावलेत, तेव्हा रंगावर विश्वास नको, दिवा लावून तपासा.

ट्रॉलीच्या बाजूला चेसिसवर रुपयाएवढा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, लग बोल्टनं आवळा, वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन. क्रम लक्षात ठेवा: आधी लोखंड चकाकवायचं, आवळायचं, मग वरून व्हॅसलीन.


तेराचा पाना

अन् सॉकेटचं तोंड खाली पाह्यजे. वर तोंड ठेवलं की पानी भरते. वायरले बी सॉकेटच्या आधी थोडा झोळ द्या, पानी झोळातून टपकून जाईन, आत घुसणार नाई. पत्र्यातून वायर काढली तं भोकाले रबर लावा. पत्र्याची धार वायर कापते, मंग शार्ट.


वणीकर_पुण्यात

आता हॅलोजनकडे. ते टेलच्या वायरीवरून काढा. बॅटरीच्या प्लसपासून स्वतंत्र २.५ ची वायर, त्यात फ्यूज, मग रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), मग दिवे. रिलेच्या ३० नंबरला बॅटरीकडून आलेली वायर, ८७ वरून दिव्यांना. ८५ आणि ८६ म्हणजे कॉइल: एकाला अर्थिंग, एकाला स्विचमधून प्लस. कॉइल फार तर पाव अँपिअर खाते, म्हणून डॅशबोर्डवरचा स्विच आणि त्याची बारीक वायर गरम होत नाही. ८७ए अशी मधली पिन असेल तर ती मोकळी सोडा, तिला रिले बंद असताना करंट असतो.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर घासून बॉडीला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. फ्यूज दिव्याजवळ असेल तर त्याच्या अलीकडची सगळी वायर उघडीच राहिली. नऊ अँपिअरला १५ चा, निळा. १० चा लाल येतो, तो काठावर राहील. २० चा पिवळा.


कपाशीवाला (मारेगाव)

अन् चांदी?


वणीकर_पुण्यात

भाऊ.


संत्रावाला (वरूड)

😄 मी हॅलोजन काढून १८ वॉटचे एलईडी लावले. दोन मिळून तीन अँपिअर. रोही (नीलगाय) हाकलायला जागलीत रात्रभर लावले तरी सकाळी स्टार्टर फिरतो. फक्त पहिले दोन स्वस्तातले घेतले होते, डब्यावर मोठा आकडा, आत उजेड काजव्याचा.


डायनामोवाल्याची लेक (दिग्रस)

एलईडी घेतले तरी जोड तसेच नीट करा. करंट कमी म्हणून गाठ गरम होत नाही, पण ओल शिरली की एलईडी लुकलुकतात आणि लोक दिव्याला नावं ठेवतात. आणि वायर घेताना नखानं किंवा चाकूनं तंतू खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. जोडात लवकर सैल होते, लवकर तुटते. दुकानदार "कॉपरच आहे" म्हणतील, तुम्ही खरवडा.


तेराचा पाना

एक राह्यलं. काम कराच्या आधी बॅटरीचा मायनस काढा, आधी मायनस. प्लस आधी काढाले गेला अन् पाना बॉडीले टेकला तं जाळ होते. लावतानी मायनस शेवटी. अन् ट्रॉली वेल्डिंगले नेली तं ट्रॅक्टरपासून सोडवा. जोडूनच वेल्डिंग करत असन तं बॅटरी काढा, वेल्डिंगचा करंट अल्टरनेटरचा डायोड खाते. मंग खरंच बदला लागन.


कपाशीवाला (मारेगाव)

चार दिवस आलो नाई, कामात होतो. झालं ते सांगतो.

पक्कड इथं कुठीच भेटली नाई, वणीच्या एका ऑटो इलेक्ट्रिकवाल्यानं दोन दिवसांसाठी दिली. पहिले चार लग ओढल्यावर निघून आले. माप चुकलं होतं, लाल खाच्यात निळा दाबत होतो. नंतर जमलं. सॉकेटची ३ नंबरची पिन उघडली, आत वायरच नव्हती, नुसतं मातीचं घर, कुंभारीण माशीनं बांधलेलं. नवी वायर टाकली, चेसिस घासून बोल्ट आवळला. पोराले परत ब्रेकवर बसवलं. मीटर ०.०९. टेल लाइट ब्रेक दाबून बी हालत नाई. इंडिकेटर एकटाच मिचकावते.

रिले लावला, बॅटरीजवळ १५ चा निळा फ्यूज. हॅलोजन अर्धा तास चालू ठेवून जोडाले हात लावला, थंडगार. उजेड असा का वावराच्या धुऱ्यावरचं बाभूळ दिसून राह्यलं, जे मागच्या साली दिसतच नव्हतं.

काका, तुमचं ऐकून एक जोड डागाचाबी केला, राळवाल्या तारेनं, दोन्हीकडून बांधून. पुढच्या हंगामापर्यंत कोणता टिकते ते पाहू.


तेराचा पाना

डागाचाच टिकन.


डायनामोवाल्याची लेक (दिग्रस)

जुनी गाठ फेकली नाहीत ना? कापून आतला फोटो टाका इथे. दुकानात लावायचाय.


कपाशीवाला (मारेगाव)

डब्बीत ठेवली हाये. उद्या खरेदी केंद्रावर नंबर लागला तं तिथल्या रांगेत बसून टाकतो, तिथं टाइमच टाइम राह्यते.